दहा वजा करा

मित्रांनो, मी एक जुना तानकाटा आहे आणि मी खोटे बोलतो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी मला तोंडघशी पाडायला नको. माझ्या आकड्याला काहीही अडकवलेले नसले तरी माझी पितळी सुई शून्यावर बसत नाही, दहावर बसते. दहा न्यूटन म्हणजे एक किलोचे वजन हातात तोलून धरायला जेवढे बल लागते, साधारण तेवढे. थोडक्यात, मी रिकामा असूनही किलोभर ओझे वाहत असल्याचा आव आणतो. पण माझे खोटे ठरलेले आहे. ते कधी नऊ होत नाही की अकरा होत नाही. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे एका बाईची इज्जत याच दहापाशी येऊन अडली होती.

माझा जन्म काटे बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात झाला. पोलादी तार सळईभोवती गुंडाळून माझी स्प्रिंग केली, ती पत्र्याच्या नळीत बसवली, वर कडी आणि खाली आकडा लावला. तेव्हा मी नुसता ओढला जाणारा पत्रा होतो. मला बोलायला शिकवले ते रेघा मारणाऱ्या बाईंनी. त्या माझ्या आकड्याला एकेक प्रमाण वजन अडकवायच्या आणि हात मागे घ्यायच्या. माझी थरथर थांबेपर्यंत त्या स्वतःचाही श्वास धरायच्या, आणि मग सुई जिथे थांबली असेल तिथे रेघ ओढायच्या. शेजारचा कामगार घाई करू लागला की म्हणायच्या, "अरे, थरथरणाऱ्याची साक्ष घेत नाहीत. आधी स्थिर होऊ दे, मग विचार." शून्यापासून दोनशेपर्यंतच्या माझ्या साऱ्या रेघा त्यांनी अशाच मारल्या. मला दुसरी शाळा मिळाली नाही आणि तिची गरजही पडली नाही.

तिथून मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत आलो. भौतिकशास्त्राचे सर तेव्हा तरुण होते. ते मला एका लाकडी ठोकळ्याला जोडायचे, ठोकळा टेबलावरून एकसारखा ओढायचे आणि माझा आकडा मोठ्याने वाचून दाखवायचे. बल किती, ते मी सांगायचो. ठोकळा किती सरकला, ते पट्टी सांगायची. दोहोंचा गुणाकार केला की ठोकळ्यावर झालेले कार्य ज्यूलमध्ये मिळायचे. सर मुलांना म्हणायचे, "भिंत ढकलून घामाघूम झालात तरी भिंत हलत नाही तोवर भिंतीवर केलेलं कार्य शून्य!" मुले हसायची. मला मात्र ते शून्य जरा खटकायचे. ढकलणाऱ्याच्या हाताला काही विचारणार आहात की नाही, असे मनात यायचे. पण मी पडलो काटा, मोजायचे काम माझे आणि गुणायचे काम त्यांचे.

ती माझी उमेदीची वर्षे होती. मोठे वजन मोजायचे झाले की सरांना माझीच आठवण यायची. "हा आहे तोवर मला काळजी नाही," असे ते पाहुण्यांसमोर म्हणायचे आणि माझी सुई, खोटे का बोलू, तेवढ्यापुरती अभिमानाने हलायची.

मग एका मधल्या सुट्टीत घात झाला. दोन वर्गांची पैज लागली की जोर कोणाचा जास्त. पंचाचे काम माझ्याकडे! एका वर्गाने माझी कडी धरली, दुसऱ्याने आकड्याला दोरी बांधली आणि दोन्हीकडून सहा-सहा जण लागले खेचायला. माझी सुई दोनशेच्या पुढे जाऊन पत्र्यावर आदळली. घंटा झाली, सगळे पळाले. माझी स्प्रिंग परत फिरली, पण पूर्ण घरी आली नाही, दहाच्या रेघेशीच बसून राहिली. सरांनी सगळ्यांना विचारले. एकालाही काही ठाऊक नव्हते. सरांनी मला हातात घेऊन किती तरी वेळ पाहिले, मग माझ्या पाठीवर 'खराब' अशी चिठ्ठी चिकटवली आणि मला सगळ्यात खालच्या खणात ठेवले. तिथे फुटके तापमापक होते आणि टाचणीसुद्धा न ओढणारा एक लोहचुंबक होता. त्या मंडळींत माझी बरीच वर्षे गेली. रागावलो नव्हतो असे म्हणणार नाही. चूक कोणाची आणि खणात कोण, हा हिशेब मला अजूनही पटलेला नाही.

एके दिवशी खण उघडला. सरांचे केस पांढरे झाले होते. त्यांच्या शेजारी जाड भिंगांचा चष्मा लावलेली नववीतली एक मुलगी उभी होती. वर्गात तिला सगळे ढापणी म्हणत आणि तीही त्या हाकेला सरळ ओ देई. सरांनी वर्गाला काम दिले होते की प्रत्येकाने पाहण्यातले एक खरेखुरे काम मोजून आणायचे. ढापणीला तिच्या आईची गाडी मोजायची होती. नवे काटे होते, पण ते पन्नास न्यूटनला दमायचे.

"हा दोनशेपर्यंत जातो," सर मला तिच्या हातात देत म्हणाले, "पण खोटारडा आहे. वाचन घेतलं की दहा वजा करायचे. लक्षात राहील ना?"

"राहील सर," ढापणी म्हणाली आणि मला दप्तरात टाकेपर्यंत विसरलीसुद्धा.

तिची आई एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. यंत्रातून निघालेल्या ओल्या चादरी एका बुटक्या लोखंडी गाडीत भरायच्या आणि पन्नास मीटरच्या बोळातून वाळवणीच्या खोलीत न्यायच्या, हे तिचे काम. गाडीच्या पुढच्या अंगाला, जमिनीपासून वीतभर उंचीवर एक कडी होती. तिला दोरी बांधलेली, दोरीच्या टोकाला लाकडी मूठ. मूठ एका हातात धरायची आणि चालू लागायचे. अशा दोन गाड्या होत्या. एक ढापणीच्या आईची आणि दुसरी तिच्या मैत्रिणीची. आई चांगलीच उंच, म्हणून तिला सगळे शिडी म्हणत. मैत्रीण तिच्या खांद्याखाली येई आणि फटाफट बोले, म्हणून ती लवंगी.

पूर्वी दोऱ्या लांब होत्या. वर्षापूर्वी एक मदतनीस दोरीत पाय अडकून पडली आणि तिचे मनगट मोडले. मुकादम काही वाईट माणूस नव्हता. त्याने दुसऱ्याच दिवशी फीत आणि सुरी घेऊन दोन्ही दोऱ्या मोजून ऐंशी सेंटिमीटरच्या केल्या. "सगळ्यांना एकच माप. कोणाची तक्रार नको," तो म्हणाला. त्यानंतर कोणी पडले नाही. मात्र शिडीच्या फेऱ्या कमी होऊ लागल्या. लवंगीच्या दिवसाला वीस व्हायच्या, शिडीच्या जेमतेम चौदा. तिला वाटेत दोन-तीनदा थांबून हात बदलावा लागे. धिप्पाड बाई थांबते आणि चिमुरडी बाई भराभर जाते, हे पाहून जो तो आपल्या मनाने अर्थ लावू लागला. उचलली जीभ लावली टाळ्याला! कामचुकार हा शब्द तिच्या पाठीमागून फिरू लागला. शेवटी मुकादमाने तोंडावर सांगितले की शनिवारपर्यंत वीस फेऱ्या झाल्या नाहीत तर गाडीवर दुसरी बाई घेईन, तुम्ही घरी बसा.

घरी ती याबद्दल काही बोलली नव्हती. पण तिचा उजवा हात डोक्यापर्यंत जाईना, म्हणून रोज सकाळी ढापणीच आईची वेणी घालत होती. ढापणीला न सांगताच बरेच कळले होते.

गुरुवारी शाळा सुटल्यावर आम्ही धुलाईघरात गेलो. ढापणीने आईच्या गाडीच्या दोरीची मूठ सोडवली, दोरीला मला जोडले आणि माझ्या लांबीसकट माप ऐंशीच भरावे म्हणून गाठ वर घेतली. पोरगी विसराळू, पण हाताने नीट. माझी कडी आईच्या मुठीत आली. गाडी हलताना मी एकदम उसळलो, पण मला रेघावाल्या बाई आठवल्या. थरथर थांबू दिली. चाल एकसारखी झाल्यावर सुई स्थिरावली ती एकशे सत्तरवर. मग लवंगीने तीच गाडी, तेवढ्याच चादरी भरून, त्याच बोळातून ओढली. मी म्हणालो, एकशे दहा.

ढापणीचे डोळे चकाकले. तिने तिथेच गुणाकार मांडला आणि वही घेऊन मुकादमाकडे धावली. "काका, बघा! एका फेरीत आई साडेआठ हजार ज्यूल काम करते आणि लवंगीमावशी साडेपाच हजार. आई जास्त काम करते!"

मुकादमाने वही पाहिली, मला पाहिले, मग माझ्या पाठीवरची चिठ्ठी वाचली. "पोरी, गाडी एकच?"

"हो."

"चादरी तेवढ्याच? बोळही हाच?"

"हो."

"मग काम दीडपट कसं होईल गं? गाडी तर तेवढीच पुढे गेली. काटाच बिघडलाय तुझा, इथं लिहिलंय बघ." तो हसला. आसपासचेही हसले. आईने ढापणीचा हात धरला आणि तिला बाहेर आणले.

मित्रांनो, त्या दिवशी दप्तरात पडल्या पडल्या मला खणातल्यापेक्षा जास्त लाज वाटली. मदतीला म्हणून गेलो आणि त्या माउलीच्या लेकीचे हसे करून आलो.

शुक्रवारी ढापणीने मला सरांच्या टेबलावर ठेवले आणि रडवेल्या आवाजात सगळे सांगितले. सरांनी तिला पूर्ण बोलू दिले.

"मुकादम बरोबर बोलले," ते म्हणाले. "एकच गाडी, एकच वाट. गाडी पुढे नेण्याचं काम दोघींचं सारखंच यायला हवं."

"म्हणजे काटा खोटा?"

"काटा खोटा असता तर दोघींनाही सारखाच खोटा बोलला असता. तू मला सांग, दोरी कशी जात होती? जमिनीला धरून की तिरकी?"

सरांनी फळ्यावर एक गाडी काढली आणि तिच्यापुढे एक तिरकी रेघ. गाडी जाते पुढे. तिरक्या ओढीतला जो भाग पुढे आहे, तेवढाच गाडीला पुढे नेतो. उरलेला भाग वर ओढत राहतो. पुस्तकात हे कोनात सांगितले आहे, पण दोरीने मोजले तरी चालते. दोरीची लांबी किती आणि कडीपासून मूठ किती पुढे आहे, या दोन मापांत सगळे उत्तर आहे: लांबीचा जेवढा हिस्सा पुढे, ओढीचाही तेवढाच हिस्सा पुढे. "ते मोजून आण," सर म्हणाले. "ओढ जिकडे आणि जाणं जिकडे, या दोन दिशा एक नसल्या तर नुसता गुणाकार करून भागत नाही."

त्याच संध्याकाळी पाळी संपताना ढापणीने दोघींना दोरी ताणून उभे केले. मुठीपासून ओळंब्यासारखा दोरा खाली सोडला, फरशीवर खडूने खूण केली, कडीच्या बरोबर खाली दुसरी खूण केली आणि मधले अंतर मोजले. लवंगी ठेंगणी, तिची मूठ खाली, त्यामुळे दोरी आडवी. तिचे अंतर चौसष्ट सेंटिमीटर. आई उंच, मूठ उंच, दोरी जवळजवळ उभीच. तिचे अंतर फक्त चाळीस. ऐंशीच्या दोरीत चाळीस! म्हणजे निम्मीच ओढ पुढे जाणार.

घरी येऊन ढापणीने हिशेब मांडला. आईच्या एकशे सत्तरचे निम्मे, पंच्याऐंशी. लवंगीच्या एकशे दहाला चौसष्टने गुणून ऐंशीने भागले, अठ्ठ्याऐंशी. "आई, आले जवळ!" ती ओरडली.

"जवळ म्हणजे सारखे नाहीत ना?" आई म्हणाली. "मुकादमाला तीनाचा फरकही पुरे आहे. आणि यात तर माझेच कमी दिसतायत." ती डाव्या हाताने मला उचलून न्याहाळत होती. एकाएकी तिने मला दिव्याजवळ धरले. "अगं, हा बघ ना. काही उचललं नाही तरी हा दहा दाखवतोय."

ढापणीने कपाळावर हात मारला. सरांचे बोलणे तिला तेव्हा आठवले. एकशे सत्तरातून दहा गेले, एकशे साठ. त्याचे निम्मे ऐंशी. एकशे दहातून दहा गेले, शंभर. त्याला चौसष्टने गुणून ऐंशीने भागले, ऐंशी. पन्नास मीटरला दोघींचे चार-चार हजार ज्यूल.

आई वहीतल्या त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिली. "म्हणजे माझी एक फेरी आणि तिची एक फेरी सारखीच?"

"अगदी सारखी. पण तेवढ्यासाठी तिला शंभरने ओढावं लागतं आणि तुला एकशे साठने."

"मग माझी उरलेली ओढ जाते कुठे?"

"वर. गाडी उचलायला. आणि गाडी काही उचलली जात नाही, म्हणून तिचं कार्य शून्य."

"शून्य!" आई म्हणाली. "वर्षभर मी न उचलली जाणारी गाडी उचलतेय, आणि शून्य? माझ्या खांद्याला विचार." असे म्हणून ती हसली, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी आले. ढापणीने वही मिटली आणि आईच्या डाव्या कुशीत शिरली.

मला त्या घटकेला माझे जुने खटकणे उमगले. शून्य चुकीचे नव्हते. गाडीला काय मिळाले, ते ज्यूल सांगतात. माणसाला किती ओढावे लागले, ते ज्यूल सांगत नाहीत. ते मी सांगतो. त्यासाठीच तर रेघावाल्या बाईंनी मला बोलते केले होते.

शनिवारी दुपारी आम्ही पुन्हा धुलाईघरात उभे होतो. आईच्या तोवर सात फेऱ्या झाल्या होत्या. ढापणीने या वेळी मुकादमाला वही दाखवली नाही. "काका, तुम्ही काल... म्हणजे परवा बरोबर बोललात," ती म्हणाली. "काम सारखंच आहे. पण एकदा तुम्ही स्वतः ओढून बघा ना."

मुकादम उंचीने शिडीएवढाच होता. दहा जणांसमोर नाही कसे म्हणणार? त्याने माझी कडी धरली आणि निघाला. मी पुन्हा म्हणालो, एकशे सत्तर. अर्ध्या बोळात त्याने गाडी थांबवली आणि हात बदलला. कोणी हसले नाही, पण लवंगीला राहवले नाही. "थांबलात का हो? एवढा मोठा देह!" तिने अगदी त्याच्याच सुरात विचारले.

मग ढापणीने लांब दोरी बांधली, माझ्यासकट एकशे अडतीस सेंटिमीटरची, म्हणजे उंच हातातही ती बरीच आडवी राहील. ती गाडी मुकादमाने शेवटपर्यंत एका हाताने नेली. माझी सुई एकशे दोनवर होती. दहा वजा केले तर ब्याण्णव. तो परत आला आणि दोन्ही दोऱ्या हातात घेऊन उभा राहिला.

"दोरी पायात येते म्हणून मी कापली होती," तो शेवटी म्हणाला.

"गाडी उभी असली की दोरी अडकवायला पुढे एक खुंटी लावा," आई म्हणाली. "मी कधीची सांगणार होते. पण ऐकतंय कोण?"

मुकादमाने मान हलवली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाई कामचुकार नव्हत्या. माप माझं चुकलं होतं."

त्या दिवशी आईच्या वीस फेऱ्या झाल्या नाहीत. सोळा झाल्या, कारण दुखावलेला खांदा दोरी बदलली म्हणून त्याच दिवशी बरा होत नसतो. मुकादमाने सोळाच लिहिल्या आणि शेजारी लिहिले, 'खांदा बरा होईपर्यंत चालतील.' दुसरी बाई आली नाही.

सोमवारी ढापणीने मला सरांना परत केले. सरांनी माझ्या पाठीवरची 'खराब' ही चिठ्ठी नखाने खरवडून काढली. तिच्या जागी ढापणीने आपल्या अक्षरात दुसरी लावली: 'रिकामा असताना दहा दाखवतो. दहा वजा करा, बाकी खरे.' आता मी वरच्या फळीवर असतो. दोन महिन्यांनी ढापणी सरांना सांगत होती की आई आता स्वतःची वेणी स्वतः घालते. मी ते ऐकले आणि काही अडकवलेले नसताना माझी सुई पुन्हा जरा हलली.

मित्रांनो, दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते. मला वापरा, पण माझ्याशी ओढाओढीचे खेळ खेळू नका. आकड्याला वजन अडकवून विसरून जाऊ नका. आणि माझे सोडा, मी पत्र्याचा आहे. पण एखादे धडधाकट माणूस वाटेत थांबून हात बदलताना दिसले, तर हसण्याआधी त्याच्या हातातली दोरी मोजा.